अबोलीला एकटी ठेवू नका

लग्नकार्याला जायचं असो, हळदीकुंकू असो की गणपतीचे दिवस, फुलबाजारात मोगरा, शेवंती आणि निशिगंधाच्या ढिगाशेजारी एका केशरी वेणीवर नजर जातेच. वास म्हणाल तर अजिबात नाही. बिचारी बोलतच नाही, म्हणून तर तिचं नाव अबोली, असं म्हणतात. पण साडीच्या दुकानात जाऊन "अबोली रंगातली दाखवा" एवढंच म्हणा, दुकानदार शंभर घड्यांतून नेमकी तीच काढतो. ज्यांच्या दारात हे झाड कधी नव्हतं त्यांनाही तिचा रंग पाठ असतो.

मग ती आपल्या दारात का नसते? कोकण-गोव्यात घराघरापुढे दिसणारी अबोली घाटावर आली की दिसेनाशी होते. मैत्रिणींना विचारलं तर उत्तर ठरलेलं: "लावली होती हो, पण टिकली नाही."

हे उत्तर मीही देऊन चुकले आहे. नुसतं उत्तरच नव्हे, त्यावर एक खोटंही बोलले आहे.

माझं सासर वेंगुर्ल्याकडचं, बिऱ्हाड सोलापुरात. मे २०१९ मध्ये सुट्टी संपवून निघताना सासूबाईंनी अंगणातलं एक अबोलीचं रोप मुळासकट काढून, ओल्या सोपात गुंडाळून माझ्या हाती दिलं. त्यांच्या सासूबाईंनी लावलेल्या झाडाचा तो वंश. "रोज चार फुलं देवाला आणि चार तुझ्या केसांत," एवढंच म्हणाल्या. मी ते घरी आणून तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं. डब्याला तळाशी एकच भोक, खाली ताटली. माती परसातल्या वाफ्यातली, काळी. आदल्या वर्षी त्याच वाफ्यात वांगी आणि टोमॅटो चांगले आले होते, म्हणजे माती कसदार असणार, असा माझा हिशेब.

जूनमध्ये दोन तुरे आले. जुलैत पानं माना टाकू लागली. मी पाणी घातलं. पानं आणखी मलूल झाली, मी आणखी पाणी घातलं. ऑगस्टमध्ये झाड गेलं. उपटून पाहिलं तर मुळं काळपट झालेली आणि त्यांवर बारीक बारीक गाठी. त्याच आठवड्यात सासूबाईंचा फोन आला, "अबोली कशी आहे गो?" मी पटकन बोलून गेले, "छान आहे, आई."

दिवाळीला त्या आल्या. गॅलरीतला रिकामा डबा त्यांना दिसला. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री बॅगेतून वर्तमानपत्राची एक पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. आत अबोलीचे वाळलेले तुरे होते. म्हणाल्या, "माझीपण दोनदा गेली होती. मी तरी कुठे सासूबाईंना सांगितलं! अगो, अबोली एकटी ठेवायची नसते. एक दारात, एक परसात आणि एक दुसऱ्याच्या घरी."

अबोली लावण्याबद्दल मला जे काही कळलं आहे ते या एका वाक्यात आहे. बाकीचं सगळं त्याची फोड.

कोरांटीची बहीण

अबोली मूळची आपल्या दक्षिण भारतातली आणि श्रीलंकेतली. तमीळ आणि कानडीत तिला कनकांबर म्हणतात. शास्त्रीय नाव क्रॉसँड्रा. कूळ कोरांटीचं आणि अडुळशाचं. झाड बहुवर्षायू, पण अंगानं लहान; दीड ते अडीच फुटांवर सहसा जात नाही. पानं गडद, तुकतुकीत, कडेला किंचित लाटदार. त्यामुळे फुलं नसतानाही कुंडी उघडीबोडकी दिसत नाही. वाटेच्या कडेला रांगेत लावा, गॅलरीच्या कठड्याखाली ठेवा, की जिन्याच्या पायरीवर. जागा अडवत नाही.

फुलं हिरव्या तुऱ्यावर येतात आणि खालून वर उमलत जातात. एकेक तुरा बरेच दिवस चालतो. फूल इतकं हलकं की किलोभर वजन भरायला कितीतरी हजार फुलं लागतात. त्यात ते लवकर कोमेजत नाही, म्हणून तर वेणीत मानाचं. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं तर आज तोडलेली फुलं उद्यापरवाच्या वेणीलाही चालतात.

नेहमीच्या केशरी अबोलीखेरीज पिवळी आणि लालसर अबोलीही मिळते. रोपवाटिकेत 'दिल्ली अबोली' नावाची एक जात असते. रंग गडद, झाड जोमदार, पण तिला बी धरत नाही. ती फांदीपासूनच वाढवावी लागते. हिरवट-निळ्या फुलांची रानअबोली मात्र निराळी. ती याच कुळातली असली तरी तिची जात वेगळी.

पाणी घालण्याआधी बोट घाला

माझी अबोली का मेली हे मला आमच्या शाळेतल्या एका सरांनी समजावून दिलं. ते शेतकी पदवीधर. मी मुळं कागदात गुंडाळून नेली होती. त्यांनी त्या गाठी पाहिल्याबरोबर विचारलं, "या मातीत पूर्वी वांगी होती का?"

मुळांवरच्या गाठी सूत्रकृमींच्या. हे डोळ्यांना न दिसणारे, धाग्यासारखे किडे मातीत राहतात. वांगी, टोमॅटो आणि भेंडी ही त्यांची आवडती पिकं आणि अबोलीही तितकीच आवडती. ते मुळांत शिरले की मुळांना गाठी येतात आणि झाडाला पाणी ओढता येत नाही. मग माती ओली असूनही झाड तहानलेलं! आपण वरून पाणी ओततो. निचरा नसला की ओल्या मातीतली बुरशी त्या जखमी मुळांना लागते, मुळं कुजतात आणि झाड मरतं. म्हणजे दुखणं सूत्रकृमींचं आणि अखेरचा घाव आपल्या तांब्याचा.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. अबोलीनं माना टाकल्या की आधी मातीत दोन पेरं बोट घालायचं.

माती कोरडी लागली तर पाणी घाला. झाड तासा-दोन तासांत ताठ होईल.

माती ओली असून दुपारपुरतीच पानं मलूल होत असतील आणि संध्याकाळी सावरत असतील, तर तो उन्हाचा ताप. कुंडी सावलीत सरकवा. पाणी वाढवू नका.

माती ओली आणि झाड सकाळीसुद्धा मलूल, हे मात्र मुळांचं दुखणं. पाणी थांबवा, ताटली काढून टाका, भोक बुजलंय का ते पाहा आणि त्याच दिवशी शेंड्याकडच्या चांगल्या फांद्या कापून लावायला घ्या. झाड वाचेल न वाचेल, वंश तरी वाचेल.

माती आणि जागा

दोन भाग तांबडी किंवा पोयट्याची माती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भरड वाळू, हे मिश्रण मला मानवलं आहे. त्यात कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घालावी. ती खतही होते आणि सूत्रकृमींना आवरही घालते. आमच्याकडची काळी माती एकटी वापरू नये. ओली झाली की चिकट, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा मुळांचे हाल.

भाजीच्या वाफ्यातली माती घ्यायचीच असेल तर एप्रिल-मेमध्ये ती ओली करून पातळ थरानं पसरावी, पारदर्शक प्लॅस्टिकनं घट्ट झाकावी आणि चार ते सहा आठवडे कडक उन्हात तापू द्यावी. आपलं ऊन फुकट आहे, त्याचा एवढा तरी उपयोग करावा. जमिनीत अबोली लावायची असेल तर त्या जागी आधी एक हंगाम झेंडू घ्यावा. झेंडूच्या मुळांपुढे सूत्रकृमींचं फारसं चालत नाही. दसऱ्याची तोरणं होतील आणि जमीनही सुधारेल.

कुंडी आठ ते दहा इंचांची पुरे. मातीची असल्यास उत्तम, कारण ती घाम गाळते. प्लॅस्टिकची असेल तर तळाला चार-पाच भोकं हवीत. जुने डबे वापरायला हरकत नाही, फक्त माझ्यासारखं एकाच भोकावर भागवू नका.

जागा अशी निवडावी की सकाळचं तीन-चार तास ऊन मिळेल आणि दुपारी सावली होईल. पूर्वेची गॅलरी म्हणजे अबोलीचं माहेर. भर दुपारच्या उन्हात पानं करपतात आणि अगदी सावलीत झाड नुसतंच उंच जातं, तुरे धरत नाही. वाटेच्या कडेला लावताना दोन रोपांत फूटभर अंतर ठेवावं. मागे जास्वंद आणि पुढे अबोलीची रांग अशी मांडणी केली, तर जास्वंदीची दुपारची सावली तिला आयती मिळते. थंडी तिला सोसत नाही. नाशिककडे किंवा विदर्भात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा फार उतरतो. तेव्हा कुंड्या भिंतीच्या आडोशाला घ्याव्यात आणि पाणी कमी करावं.

पिवळ्या पानांचं कोडं

बोअरचं जड पाणी घालणाऱ्यांना एक अनुभव येईल. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. ही खताची भूक नव्हे. मातीत चुन्याचं प्रमाण वाढलं की झाडाला लोह घेता येत नाही. कुंडीच्या बाहेर पांढरे पापुद्रे दिसत असतील तर खूण पटलीच म्हणून समजा. अशा वेळी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरभर पाण्यात पाच ग्रॅमपर्यंत विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. पुड्यावर 'मुलांपासून दूर' असं लिहून तो वरच्या फळीवर ठेवावा. पावसाळ्यात बादलीभर पावसाचं पाणी धरून ते अबोलीला घातलं तर त्यासारखं औषध नाही.

खताची तिला हाव नसते. महिन्याला मूठभर कुजलेलं शेणखत, आणि फुलांच्या दिवसांत पंधरा दिवसांनी शेणपाण्याची निवळी दहापट पाणी घालून द्यावी. युरियाच्या मोहात पडू नये. झाड हिरवंगार होतं आणि तुऱ्यांना विसरतं.

उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी होतो, पानं फिकट ठिपक्यांची दिसतात. तेव्हा रोज सकाळी पानांची खालची बाजू पाण्यानं धुवावी. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पुसून काढावा. फार पसरला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून, ऊन उतरल्यावर फवारावं.

खुडण्याची भीती नको

रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा. माझा हात पहिल्यांदा धजत नव्हता. पण खुडलं की बाजूनं तीन-चार फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीवर तुरा येतो. न खुडलेली अबोली काठीसारखी वाढते.

फुलं तोडताना तुरा मोडू नये. उमललेलं फूल चिमटीत धरून अलगद ओढलं की देठाच्या नळीसकट सुटतं. वरच्या कळ्या आपल्या वेळी उमलतात. एक दिवसाआड तोडलं तर वेणीपुरती जमतात. तुरा संपून वाळू लागला की कापून टाकावा, म्हणजे नवे येतात. बियांसाठी मात्र प्रत्येक झाडावर दोन-तीन तुरे राखून ठेवावेत. फुलांचा मोठा भर ओसरला की झाडाची एक तृतीयांश छाटणी करावी आणि वरची इंचभर माती बदलावी.

दोन-तीन वर्षांनी अबोली खालून बोडकी आणि लाकडी होते, तुरे आखूड येतात. तिला बळजबरीनं जगवण्यात अर्थ नाही. तोवर तिच्या लेकी तयार हव्यात.

बियांचा फटाका

इंग्रजीत अबोलीला 'फायरक्रॅकर फ्लॉवर' म्हणतात, ते उगाच नव्हे. वाळक्या तुऱ्यातली बोंडं पाण्याचा थेंब लागला की तटकन फुटतात आणि बी दूर उडवतात. पहिल्या पावसात आपोआप पेरणी व्हावी, अशी ही निसर्गाची योजना. म्हणून तुरे पाऊस लागण्याआधीच कापून कागदी पाकिटात ठेवावेत. नाहीतर नंतर हाती रिकामी टरफलंच येतात.

पेरायच्या दिवशी तुरे पातेल्यात घालून वर पाणी शिंपडावं आणि लगेच चाळणी झाकावी. थोड्या वेळात आत मोहरीची फोडणी बसल्यासारखा तडतडाट होतो. माझ्या सहावीच्या वर्गात मी हा प्रयोग केला तेव्हा मुलं दुसऱ्या तासाला जायला तयार नव्हती. पडलेलं बी त्याच दिवशी पसरट कुंडीत पेरावं, वर माती अगदी पातळ पसरावी आणि ओलावा राखावा.

आणि मग धीर धरावा! अबोलीचं बी एकदम उगवत नाही. सासूबाईंच्या पुडीतल्या बियांपैकी पहिलं विसाव्या दिवशी वर आलं आणि शेवटचं फेब्रुवारीत, मी ती कुंडी कोथिंबिरीला द्यायच्या बेतात असताना. म्हणून महिनाभरात काही दिसलं नाही तरी माती टाकून देऊ नये. चार-सहा पानं आली की रोपं वेगवेगळ्या कुंड्यांत लावावीत. पेरणीला जून-जुलै सर्वांत सोयीचा.

फांद्या लावायच्या तर त्याही पावसाळ्यातच. बोटभर लांबीची, तीन-चार पेऱ्यांची, तुरा नसलेली कोवळी फांदी पेऱ्याखाली कापावी. खालची पानं काढून वाळू आणि खताच्या ओलसर मिश्रणात खोचावी आणि वर प्लॅस्टिकची बाटली अर्धी कापून पालथी घालावी. सावलीत ठेवली तर तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. पाचांतल्या तीन जगल्या तरी हिशेब फायद्याचा.

एक दुसऱ्याच्या घरी

त्या पुडीतून माझी सात रोपं झाली. एक दारात ठेवलं, दोन मागच्या गॅलरीत, आणि सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे बाकीची वाटली: शेजारच्या वहिनींना, शाळेत आणि पलीकडच्या गल्लीतल्या माझ्या जावेला.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्यावरून गेलं. आमच्या घरामागचा फणस अंगणात आडवा झाला आणि अबोलीची सगळी रांग त्याच्याखाली चेंगरली. जे काही राहिलं ते पुढच्या पावसात साचलेल्या पाण्यानं नेलं. सासूबाईंनी फोनवर छप्पर, कौलं, विहीर, सगळ्याचं सांगितलं. अबोलीचा उल्लेख केला नाही. मीच विचारलं तर म्हणाल्या, "आहे की."

मला माझा ऑगस्ट आठवला.

त्या दिवाळीला आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. माझ्या दारातली अबोली तोवर जुनी झाली होती, पण वहिनींच्या कुंडीतली ऐन भरात होती. त्यांनी स्वतः फांद्या कापून दिल्या होत्या. मुळं धरलेली चार रोपं मी सोप मिळाला नाही म्हणून दुधाच्या पिशवीत, ओल्या फडक्यात बांधून नेली. सासूबाईंनी पिशवी सोडली, रोपं पाहिली आणि म्हणाल्या, "खुरपं आण." एक अंगणात लावलं, एक परसात. उरलेली दोन घेऊन त्या चपला घालून शेजारी गेल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदाच्या पावसात कुणाकडून तरी अबोलीचा तुरा किंवा फांदी मागून आणा. जगली तर फुलं वेणीत घाला. आणि वेणी करायच्या आधी एक रोप शेजारणीला द्या. ते आपल्यासाठीच राखलेलं असतं.